निश्चिंत राहा

"वाचा साहेब. तुमचंच लिवणं हाय," असं म्हणून त्या बाईंनी आपला मोबाइल मगदूम सरांच्या टेबलावर ठेवला. पुढे केलेल्या खुर्चीकडे त्यांनी बघितलंही नाही.

शनिवार होता, दुपारचे चार वाजत आले होते. दिवाळी पंधरा दिवसांवर. इचलकरंजीतल्या सीए शांतिनाथ मगदूम यांच्या ऑफिसात पंखा जोरात फिरायचा, म्हणून कागदांच्या प्रत्येक गठ्ठ्यावर मागावरचा एकेक जुना लाकडी धोटा ठेवलेला असे. मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसून फर्मच्या वेबसाइटवर दिवाळीच्या सुट्ट्या टाकत होते. ही वेबसाइट मीच केलेली. माझी सात महिन्यांची जुई ऑफिसातले जुने कारकून कोष्टीकाका यांच्या मांडीवर बसून त्यांच्या पांढऱ्या टोपीशी झटापट करत होती, आणि काका "घे की, तुझीच हाय," म्हणत डोकं आणखी खाली करत होते.

सरांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "आपला निरोप मिळाला. आपलं काम आता आमच्या हाती आहे. निश्चिंत राहा. मगदूम अँड असोसिएट्स."

"तीन डाव आलंय हे," बाई म्हणाल्या. "मी तीन डाव लिवलं. तिन्ही डाव तुमी म्हणलासा, निश्चिंत ऱ्हावा. मी ऱ्हायलो."

"तुम्ही कोण?"

"मालन तेरदाळे. शहापुरातनं आलोय. चार माग हुते माझे."

"होते म्हणजे?"

"हुते म्हंजे इकले. परवा. भंगारात, किलोवर."

जुईनं एव्हाना टोपी ओढून घेतली होती.

मालनबाईंनी मग उभ्या उभ्याच सांगितलं, न अडखळता, न रडता, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं. त्यांचे यजमान शिमग्याच्या सुमाराला अर्धांगवायूनं पडले. तोवर कागदपत्रं तेच बघायचे. जीएसटीचा नंबर मात्र बाईंच्या नावावर. दवाखान्याच्या नादात रिटर्न भरायची राहून गेली. ऑगस्टात नोटीस आली, सात दिवसांत उत्तर द्या, नाहीतर नंबर रद्द होईल. त्या नोटीस घेऊन इथं आल्या, तर दार बंद, वर पाटी होती, 'कृपया आपले काम वेबसाइटवर नोंदवावे. क्रमाने संपर्क केला जाईल.' सरांचे ऑडिटचे दिवस होते ते, दुपारी काकाही त्यांच्याबरोबर बाहेर असत. बाईंच्या भाचीनं तिथंच जिन्यात उभं राहून मोबाइलवर फॉर्म भरून दिला, आणि लगेच उत्तर आलं.

"नंबर रद्द झाला तवा परत लिवलं. परत त्येच. सूतवाला म्हणला, नंबर न्हाई तर सूत न्हाई. मी त्येला तुमचा मेसेज दावला. म्हणलं, मगदूम साहेबांच्या हातात हाय काम, ते कुणाचं अडवून ठेवत न्हाईत. त्यो महिनाभर थांबला बगा, निस्त्या तुमच्या नावावर. मग त्यो बी थांबंना. मग तिसऱ्यांदा लिवलं."

सरांनी रद्द झाल्याचा कागद मागून घेतला, तारीख बघितली, बोटांवर काहीतरी मोजलं. "नंबर परत मागायची मुदत आठ दिवसांपूर्वी संपली," ते हळू म्हणाले. "पण वर अपील करता येतं. मी करतो. एक पैसा घेणार नाही."

"आता नंबर घिऊन काय करू साहेब? काय इणून दावू त्यांस्नी?"

सरांनी कागदाची घडी घालून ती त्यांच्यापुढे ठेवली आणि मान वळवली.

"कोष्टी?"

कोष्टीकाका जुईला घेऊनच उभे राहिले. "न्हाई आलं साहेब. मी रोज धा वाजता मेल उघडतो. असलं काय आलंच न्हाई."

त्या वेबसाइटवर 'निश्चिंत' हा शब्द आला कसा, ते आधी सांगायला हवं.

मे महिन्यात मी पहिल्यांदा त्या ऑफिसात गेले तेव्हा जुई दोन महिन्यांचीही नव्हती. लग्नाआधी मी कोल्हापुरात एका कंपनीत वेबसाइट करायचे. बाळंतपणानंतर घरबसल्या मिळालेलं हे पहिलं काम. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हे बघ बाळ, आम्हा सीए लोकांना जाहिरात करता येत नाही. नियम आहे. सर्वोत्तम, विश्वासू, खात्रीशीर, असलं एकही विशेषण चालणार नाही. आमची कुणी केलेली स्तुती छापायची नाही. फोटो टाकलास तर पासपोर्टएवढा."

"मग सर, लोकांनी तुमच्याकडेच यायचं ते कशावरून?"

"पाटी वाचून," सर म्हणाले आणि स्वतःच हसले.

बिनविशेषणाची वेबसाइट कशी करायची मला कळेना. म्हणून मी तीन दिवस नुसती जाऊन बसले, जुईला पदराखाली घेऊन, कोण येतं ते बघत. यायचे ते सगळे घाबरून यायचे. कुणी नोटीस वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचं, कुणी ब्लाऊजमधून घामेजलेली घडी काढायचं. दारात कोष्टीकाकांचं टेबल. ते आधी पाणी द्यायचे. मग कागद घेऊन पहिल्यांदा तारीख शोधायचे आणि तिच्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ ओढायचे. म्हणायचे, "निश्चिंत ऱ्हा. कागूद माझ्याकडं हाय." एवढ्यानं माणसाचे खांदे खाली यायचे. सरांपर्यंत तो माणूस पोचायचा तो निम्मा बरा होऊनच.

मला वाटलं, हेच तर पाहिजे. मी काकांचा शब्द घेतला आणि फॉर्म भरल्याबरोबर आपोआप जाणाऱ्या उत्तरात घातला.

सरांनी तो वाचला आणि मान हलवली. "हा नको. अगं, ताळेबंदावर सही करताना आम्ही 'हे खरं आहे' असंसुद्धा लिहीत नाही. 'आमच्या मते' असं लिहितो. निश्चिंत म्हणजे हमी झाली. काढ."

मी हट्टाला पेटले. वेबसाइटवर येणारा माणूस किती सेकंद थांबतो, कुठल्या शब्दानं थांबतो, हे मी कोल्हापुरात शिकले होते, ते सगळं ऐकवलं. सर ऐकेनात. शेवटी दारातून काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की साहेब. पोरीनं माझा शब्द घातलाय. आमचं लिवलेलं कुटं छापतंय कोण?"

आणि तो राहिला. काकांचा पासपोर्टएवढा फोटोही 'आमची माणसं' या पानावर गेला. फोटो काढताना त्यांनी तीनदा विचारलं होतं, "टोपी ठेवू का काढू?" मी म्हटलं, ठेवा. नावाखाली काय लिहू विचारलं तर म्हणाले, "लिव, एकतीस वर्सं."

काकांना इमेल मीच शिकवलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते माउस असा धरायचे, जणू आत जीव आहे.

"सुनयना," सर माझ्याकडे वळले, "तुझा फॉर्म चालू आहे ना गं?"

"बघते सर."

फॉर्म भरला की तो निरोप कुठल्या इमेलवर जावा, ते वेबसाइटच्या आतल्या बाजूला एका छोट्या चौकोनात लिहिलेलं असतं. तिथं ऑफिसचा पत्ता हवा होता. तिथं माझा होता.

वेबसाइट तयार होत असताना चाचणीचे निरोप मी माझ्याच इमेलवर घेत होते. रोजच्या टपालात त्यांचा घोळ नको म्हणून ते परस्पर वेगळ्या कप्प्यात पडावेत अशी सोयही मीच केली होती. चालू करायच्या दिवशी पत्ता बदलायचा, हे माझ्या यादीतलं शेवटचं काम. त्या दिवशी जुईला लशीचा ताप होता. तिला मांडीवर आडवी घेऊन, कपाळावरची ओली घडी बदलत, एका हातानं मी वेबसाइट चालू केली होती. यादी परत उघडली नव्हती. पुढे सर एकदोनदा थट्टेनं म्हणाले होते, "तुझी वेबसाइट झोपलीय गं, कुणी काही विचारतच नाही." मी म्हटलं होतं, सर, वेळ लागतो.

त्या शनिवारी माझे हात माझ्याआधी हलले. माझा पत्ता पुसला, ऑफिसचा लिहिला, जतन केलं. बिघडलेलं दिसलं की आधी नीट करायचं आणि मग सांगायचं, ही माझी कामाची सवय. मी सांगणारच होते. तोंड उघडलंही होतं.

"थांब," सर म्हणाले. "बोलण्यावर नको. करून बघू."

हिशेब तपासणारा माणूस. त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला, वेबसाइट उघडली, फॉर्ममध्ये स्वतःचं नाव घातलं आणि पाठवलं. आम्ही सगळे काकांच्या कॉम्प्युटरकडे बघत थांबलो. मालनबाईसुद्धा. एक ट्रक खालून गेला. मग मेल आल्याचा तो बारीक आवाज झाला.

"आलं की," सर म्हणाले.

माझ्याकडे कुणीच बघितलं नाही. सगळे काकांकडे बघत होते. काका पडद्यावरच्या त्या एका ओळीकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ऑफिसात घाबरून येणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर असायचं तसं.

"मग माझ्याच हातनं पुसलं गेलं आसंल," ते म्हणाले.

"तीनही?"

"आसंल साहेब. मला काय कळतंय त्यातलं."

"ऑगस्टात बँकेचं इमेल असंच पुसलं गेलं होतं तुमच्या हातून."

"व्हय. गेलं हुतं."

मालनबाईंनी टेबलावरचा मोबाइल उचलला. "म्हाताऱ्याला कशापायी बोलतासा?" त्या म्हणाल्या. "बोलून माग परत येणारेत व्हय?" आणि जिना उतरून गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "कोष्टी, सोमवारी बोलू," ते म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांनी काकांना कधी 'नंतर बोलू' म्हटलं नसावं. त्याचा अर्थ काय, ते ऑफिसात सगळ्यांना कळलं.

काकांनी जुईला माझ्याकडे दिलं. तिच्या मुठीत टोपी होती. त्यांनी एकेक बोट हळू सोडवून ती काढून घेतली.

घरी येऊन जुईला पाजायला घेतलं आणि दुसऱ्या हातानं तो कप्पा उघडला. सतरा निरोप होते. कुणी फी विचारली होती, कुणी ऑफिस किती वाजता उघडतं ते. त्यांत मालनबाईंचे तीन. पहिला लांबलचक, नोटिशीचा नंबर, तारीख, सगळं व्यवस्थित. दुसरा चार ओळींचा. तिसरा एवढाच होता, 'साहेब मी निश्चिंत आहे, पण सूतवाला निश्चिंत नाही. मालन तेरदाळे.'

जुई पिता पिता माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. माझा पान्हा मध्येच आटला. ती दोन क्षण माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग रडायला लागली.

माझे मिस्टर सुदर्शन पहिल्या पाळीवरून येऊन झोपले होते. संध्याकाळी ते उठल्यावर, चहा घेताना मी त्यांना सगळं सांगितलं. सासूबाई आतल्या खोलीत गुडघ्यांना तेल लावत होत्या. दार उघडंच होतं.

"सरांना कळलं का?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"नाही. सोमवारी सांगते."

"काय सांगणार?"

"जे झालं ते."

"सांगितल्यावर त्या बाईचे माग परत येणार आहेत का?"

"काकांची नोकरी राहील ना."

त्यांनी कप खाली ठेवला. माणूस वाईट नाही. शिफ्ट संपवून आला की जुईचे लंगोट स्वतः धुवायचा. "सरांनी अजून चार सीएंना तुझं नाव सांगितलंय," ते म्हणाले. "जयसिंगपूरचं काम तर हातात आल्यासारखंच आहे. हे सांगितलंस की पाची कामं गेली. मग?"

मला ते मग ठाऊक होतं. दिवाळीनंतर मी गारमेंटमध्ये सुपरवायझर म्हणून जायचं, सकाळी आठ ते संध्याकाळी सात, असं घरात ठरतच आलं होतं. वेबसाइटच्या कामांमुळे ते टळलं होतं.

आतून सासूबाई म्हणाल्या, "मला पोरीला उचलून जिना चढाय येत न्हाई, एवढंच सांगते. तुमचं तुमी ठरवा."

"काका साठीला आलेत," सुदर्शन हळू म्हणाले. "दोन वर्षांत घरीच बसणार होते."

"त्यांचं घर त्या पगारावर चालतं. मुलगा बघत नाही."

"आणि आपलं कशावर चालतं?"

मी कप उचलून मोरीत ठेवले. पण रविवारभर मी मनात वाक्यं जुळवत होते. भांडी घासताना, जुईला न्हाऊ घालताना. सर, चूक माझी आहे. सर, काकांचा काही संबंध नाही. सर, शनिवारी मी तुमच्यासमोर पत्ता बदलला. या तिसऱ्या वाक्याशी आलं की मी परत पहिल्यापासून सुरू करायचे. चूक झाली म्हणणं सोपं होतं. तुम्ही तपासत होता तेव्हा मी गप्प राहिले, हे म्हणायचं होतं.

सोमवारी साडेनऊलाच मी ऑफिसात पोचले. काका यायच्या आधी सरांना गाठायचं म्हणून. जुईला बरोबर घेतलं होतं. दारातलं टेबल मोकळं होतं. नुसतं माणूस आलेलं नाही असं मोकळं नव्हे, पुसून काढलेलं. लाल पेन्सिली एका कपात, किल्ल्यांचा जुडगा त्याच्या शेजारी.

सर आत एकटेच बसले होते. सकाळी दाढी केलेली नव्हती.

"कोष्टी येऊन गेले," ते म्हणाले. "आठ वाजताच. माझी वाट बघत जिन्यात बसले होते."

"सर, मला त्याबद्दलच—"

"मी काढलं नाही गं त्यांना. माझं तोंडच उघडलं नसतं. मी ठरवलं होतं, समज द्यायची, कॉम्प्युटर काढून घ्यायचा, पूर्वीसारखं दारात बसवायचं." त्यांनी समोरचा एक धोटा उचलला आणि परत ठेवला. "तेच म्हणाले. म्हणाले, साहेब, रविवारी त्या बाईच्या शेडावर जाऊन आलो. चार खड्डे आहेत जमिनीत, माग होते तिथं. मी आता दारात बसून कुणाला काय सांगू? माझ्या तोंडून तो शब्द निघणार नाही."

मी उभीच होते. जुई खांद्यावर डोकं ठेवून हुंकार देत होती.

"एकतीस वर्षं," सर म्हणाले. मग त्यांनी नाक शिंकरलं आणि कामाच्या आवाजात बोलायला लागले, मोठी माणसं करतात तसं. "बरं झालं आलीस. दोन कामं आहेत. ते उत्तर बदल. 'आपला निरोप मिळाला' एवढंच ठेव, पुढचं सगळं काढ. आणि 'आमची माणसं' मधून कोष्टींचा फोटो काढावा लागेल. नोकरीत नसलेल्या माणसाचं नाव ठेवता येत नाही. नियम आहे."

"सर..."

"बोल ना."

त्यांनी खरोखर मान वर करून वाट बघितली. एवढी वाट माझी आयुष्यात कुणी बघितली नसेल. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला दिसत होता. वाक्यं तिन्ही तयार होती, रविवारभर घासूनपुसून ठेवलेली.

"जयसिंगपूरच्या उपाध्यांचा फोन आला होता," मी बोलत नाही असं बघून सर म्हणाले. "मी सांगितलं त्यांना, पोरगी कामाला चोख आहे. परवा आमच्याकडे घोटाळा झाला तरी फॉर्म पहिल्या फटक्यात चालला."

"फोटो आत्ताच काढू का सर?" मी म्हणाले.

"आत्ताच काढ."

मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसले. जुईला मांडीवर घेतलं. फोटो काढल्यावर त्या जागी एक करडा चौकोन राहिला, तो भरून यावा म्हणून बाकीचे फोटो डावीकडे सरकवले. पाच मिनिटांचं काम.

शुक्रवारी मी काकांच्या घरी गेले. सरांना नाही सांगता आलं, काकांना तरी सांगावं. ते मला माफ करतील, निदान स्वतःला दोष देत बसणार नाहीत. मग ते सरांना सांगोत वा न सांगोत. असं मी रिक्षात बसून ठरवलं होतं. बरोबर पेढे घेतले होते, ते का घेतले ते मला आजही सांगता येणार नाही.

दोन खोल्यांचं घर. गल्लीत दोन्ही बाजूंना मागांची खडखड, त्यामुळे तिथली माणसं मोठ्यानंच बोलतात. काका दारातच बसले होते, टोपी नव्हती. पहिल्यांदाच मी त्यांचं डोकं नीट पाहिलं. ते इतकं लहान होतं.

"अगं ये, ये! जुईबाई आल्या! अगं ए, पोरगी आलीया बघ, च्या टाक." त्यांनी हात पुढे केले आणि जुई झेप घेऊन त्यांच्याकडे गेली.

काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी भिंतीला टेकून बसले.

"काका, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"थांब, आधी मला इचारू दे. शनवारपास्नं इचारायचं हाय, पर कुणाला इचारणार?" ते माझ्याकडे सरकले. आवाज शक्य तेवढा खाली आणला. "तुज्यावर तर काय आलं न्हाई न्हवं?"

"म्हणजे?"

"न्हाई म्हंजे, साहेब तुला काय बोलले न्हाईत न्हवं? मला शनवारी तीच धास्ती हुती. म्हटलं, पोरीचं पयलंच काम हाय, पदरात लेकरू हाय, आनि माझ्यापायी तिच्या वेबसाइटला नाव लागायचं. म्हणून तर मी लगीच म्हणालो, माझ्याच हातनं झालं म्हणून. मागनं घरला येऊन इचार केला, तर खरंच माझ्याच हातनं झालंय की. दुसऱ्या कुणाच्या हातनं हुणार?"

माझ्या कानात मागांची खडखड भरली होती. "काही नाही बोलले," मी म्हणाले.

"झालं तर मग. बरं झालं."

त्यांनी जुईला मांडीवर नीट बसवलं आणि कोनाड्यातून एक शाळेची वही ओढून काढली. आत माझंच अक्षर होतं. इमेल शिकवताना मी त्यांना पायऱ्या लिहून दिल्या होत्या, पडदा कसा दिसतो त्याची चित्रं काढून. शेजारी त्यांनी स्वतःच्या अक्षरात टिपणं केली होती. 'इथं एकदाच दाबणे.' 'घाई करू नये.'

"हे बघ," ते म्हणाले. "मी रोज हे काढून बघतोय. सकाळी बी बघतो, दुपारी बी. मी तू लिवल्यापरमानंच करायचो गं. धा वाजता उघडायचो, वाचायचो, बंद करायचो. मग गेलं कसं? मला झोप न्हाई लागत बघ त्येच्यापायी. माग गेले त्या बाईचे, ते तर हायच, त्याला इलाज न्हाई. पर माझ्या हातनं नेमकं काय झालं, एवढं तरी कळाय पायजे का नको माणसाला? एकतीस वर्सांत कागूद हरवला न्हाई माझ्याकडनं. तू शिकलेली हाईस. मला सांग, कुठलं बटण दाबलं आसंल मी?"

"काका..."

"न्हाई, लाजू नगंस. सांग. मला राग येत न्हाई."

काकू चहा घेऊन आल्या. तीन कप, आणि जुईसाठी बशीत अर्धं बिस्कीट भिजवून. त्या माझ्यासमोर बसल्या आणि नवऱ्याकडे न बघता मला म्हणाल्या, "सांग बाई एकदाचं. जेवत न्हाईत धड. ते कळलं तर सुटतील तरी."

जुईनं वहीच्या पानावर हात आपटला. काकांनी तो उचलून बाजूला घेतला, पान पुसलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

मी वाकले. चित्रात वरच्या ओळीत, उत्तर द्यायच्या खुणेच्या शेजारीच, पुसून टाकायचा एक बारीक कचऱ्याचा डबा काढलेला होता.

"हे," मी त्याच्यावर बोट ठेवून म्हणाले. "चुकून याच्यावर लागला असेल हात."

काका वहीवर वाकले. मग काकूंकडे हात करून त्यांनी पेन्सिल मागितली, आणि त्या डब्याभोवती सावकाश, न हलता, एक गोल काढला.

"बघ की," ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आलेले मला दिसले. "किती जवळ जवळ असतंय गं."